कणसे यांचा कर्सर

हवेत फिरणारा उजवा हात एकदम थांबवून डॉ. तन्मय उगले ओरडले, "आले! कणसेकाका वर्तमानात आले!" सकाळचे साडेदहा वाजले होते. मिरजेच्या स्मृतिलेख केंद्रात ही घोषणा होण्याची ही त्या महिन्यातली नववी वेळ होती.

समोरच्या भिंतभर पडद्यावर मजकुराचं शेवटचं पान दिसत होतं. शेवटची ओळ होती, "१७ जून २०४१. सकाळी सव्वासात. टाकीवर चढलो. झाकण सैल आहे." पुढे कोरी जागा होती, कारण त्यापुढे हणमंत कणसे टाकीवरून गच्चीत आपटले होते. त्याला आता चार महिने झाले होते.

कणसे पडद्यासमोरच्या खुर्चीतच बसले होते. वय चौसष्ट, भूमापन खात्यातून निवृत्त, डोक्यावर तारांची टोपी आणि मांडीवर कपडे भरलेली पिशवी. मेंदूतज्ज्ञ डॉ. वैदेही शेटे त्यांच्यापुढे वाकल्या.

"काका, साल कोणतं?"

"दोन हजार चार," कणसे म्हणाले. "काल पण विचारलंत, परवा पण विचारलंत. एखादं कॅलेंडर घ्या की भिंतीला."

उगल्यांचा हात खाली आला. कणसे मात्र उठून उभे राहिले आणि कोपऱ्यात डबा घेऊन बसलेल्या बाईंसमोर जाऊन थांबले.

"बाई, उद्यापासून डबा आणू नका. तुमचं लग्न झालंय म्हणालात, मग मी रोज तुमच्या हातचं खाणं बरं दिसत नाही. आज दोनच्या गाडीनं मी तासगावला जातोय. मुलगी बघायची ठरली होती, ती बघून टाकतो."

त्या बाई म्हणजे शैला कणसे, हणमंतरावांच्या सदतीस वर्षांच्या लग्नाच्या बायको. तासगावची ती मुलगीही त्याच. पण हे सांगायचं कुणी आणि ऐकायचं कुणी! जूनमध्ये त्यांनी सांगून पाहिलं होतं, तर कणसे यांनी घाबरून नर्सला हाक मारली होती. आरशातल्या पांढऱ्या केसांबद्दलही त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं, की औषधं फार कडक आहेत. तेव्हापासून शैलाबाई मुकाट्यानं 'डबेवाल्या बाई' झाल्या होत्या. आणि गंमत अशी, की ज्या माणसानं सदतीस वर्षांत "भाजी बरी झालीय" एवढंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं, तो माणूस रोज डबा चाटूनपुसून खाऊन म्हणायचा, "बाई, तुमच्या हाताला काय चव आहे हो!" शैलाबाई घरी जाऊन आधी हसायच्या, मग रडायच्या. काल तर त्यानं कहरच केला. तासगावचा बेत रद्द करतो, तुम्हीच माझ्याशी लग्न करा, असं सरळ विचारलं. चोविसाव्या वर्षी हे कुणी विचारलं असतं तर त्या हवेत तरंगल्या असत्या. एकसष्टाव्या वर्षी त्या गडबडल्या आणि खरं तेच बोलून गेल्या, "माझं लग्न झालंय."

त्याचा परिणाम हा असा पिशवी घेऊन उभा होता. केंद्राला कुणाला बांधून ठेवता येत नव्हतं. दोनची गाडी पकडून हा माणूस तासगावात उतरला असता, माहेरचं घर पाडून जिथं दवाखाना झालाय तिथं 'मुलगी कुठाय' म्हणून विचारत फिरला असता, आणि तिथून पुढे कुठे गेला असता देव जाणे. नवरा कायमचा हातचा जाणार होता आणि हातात साडेतीन तास होते.

कणसे यांना चहा देऊन बाहेरच्या बाकावर बसवलं. शैलाबाईंनी पदर खोचला.

"आता मला नीट सांगा. चार महिने तुम्ही करताय काय?"

"वहिनी, ते फार तांत्रिक आहे," उगले म्हणाले.

"मी जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षं लघुलेखिका होते. जमिनीच्या वाटणीचे चारचारशे पानी निकाल टंकलेत. तुमचं तांत्रिक त्याहून अवघड नसणार."

शेटेबाईंना हसू आलं. त्या म्हणाल्या, "सांगते. माणसाची आठवण म्हणजे एक लांबलचक लेख समजा. आमचं यंत्र तो लेख मेंदूतून वाचतं आणि पडद्यावर मराठीत उमटवतं. काकांचा लेख साडेतीन लाख पानांचा आहे. त्यात एक लेखनबिंदू असतो. बिंदूच्या वर जे लिहिलंय तेवढं माणसाला आठवतं. खालचं आठवत नाही."

"मग तुमच्याआमच्या बिंदूखाली काय असतं?"

"आपल्या बिंदूखाली काही नसतंच. तो लेखाच्या शेवटी असतो. आपण जगतो तशी तिथं पुढची ओळ उमटत जाते. काकांना मार लागला आणि त्यांचा बिंदू घसरून वर गेला. शनिवार, २४ जानेवारी २००४. पुढची सदतीस वर्षं, तुमचं लग्न, मुलगी, सगळं शाबूत आहे. पण ते बिंदूच्या खाली आहे. दोन लाख पानं."

"आणि ती पानं मी रोज सरकवून शेवटपर्यंत नेतो," उगले म्हणाले. हवेत हात कसा वरखाली करायचा तेही त्यांनी करून दाखवलं. "शेवटचं पान समोर येतं. तुम्ही बघितलंतच. तरी काका येत नाहीत. माझ्या मते त्यांच्या मेंदूचा विरोध आहे."

शैलाबाई पडद्याजवळ गेल्या. चष्मा वर ढकलून त्यांनी शेवटचं पान डावीकडून उजवीकडे तपासलं, एखादं निकालपत्र तपासावं तसं.

"कर्सर कुठाय?"

"काय?"

"उभी रेघ. लुकलुकणारी. तुम्ही बिंदू म्हणता ती. या पानावर नाहीये."

उगल्यांनी पाहिलं. शेटेबाईंनी पाहिलं. रेघ खरोखर नव्हती.

"अहो डॉक्टर, तुम्ही पडदा सरकवलात! कर्सर आहे तिथंच आहे!" शैलाबाईंचा आवाज चढला. "पान बघितलं म्हणजे तिथं पोचलात होय? चार महिने माझा नवरा २००४ मध्ये बसलाय आणि तुम्ही इथं हात हलवताय!"

उगल्यांचा चेहरा पडला. त्यांचाही दोष फार नव्हता. त्यांच्या पिढीनं यंत्राला तोंडानं सांगितलं होतं किंवा हातानं खुणावलं होतं. कळफलक त्यांनी संग्रहालयात पाहिला होता. लुकलुकणारी रेघ त्यांना सजावट वाटायची.

"आमच्या कोर्टात पाटोळे म्हणून होते," शैलाबाई म्हणाल्या. "म्हशीच्या चोरीचा निकाल टंकत होते. मध्येच शेवटचं पान बघायला म्हणून त्यांनी माऊसचं चाक फिरवलं. पान आलं. कर्सर पंचनाम्यातच राहिला. पाटोळ्यांची नजर कागदावर, बोटं चालू. तसंच छापून साहेबांच्या टेबलावर गेलं. म्हशीचं वर्णन : रंग काळा, शिंगे मागे वळलेली, सबब निर्दोष मुक्त करण्यात येत आहे."

शेटेबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"हसू नका. साहेबांनी पाटोळ्यांना तासभर उभं केलं होतं. त्या दिवसापासून मी माऊसला हात लावला नाही. जिथं जायचं तिथं बोटांनी जायचं, कर्सरला बरोबर घेऊन. या यंत्राला कळफलक जोडता येतो का?"

उगले शरमल्यासारखे म्हणाले, "येईल बहुतेक. वरचं सगळं आम्ही नवीन केलंय, पण पायाला जुनाच शब्दलेखक आहे, मजकूर टंकायचा प्रोग्राम. तो काढायचं राहून गेलं होतं."

"राहिलं ते बरं झालं," शैलाबाई म्हणाल्या आणि रिक्षा करून घरी गेल्या.

पाऊण तासानं त्या परतल्या तेव्हा काखेत कळफलक होता. न्यायालयानं जुनं सामान मोडीत काढलं तेव्हा त्यांनी आपला कळफलक मागून घेतला होता. त्यावरची अर्धी अक्षरं झिजून गेली होती, पण शैलाबाईंना अक्षरं लागतात कुठे! त्याची वायर यंत्राला कुठे खुपसायची हे शोधण्यात केंद्राच्या दोन अभियंत्यांचा तासभर गेला. बाहेर कणसे दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. शेवटी "गाडीच्या आधी शेवटची तपासणी" असं सांगून त्यांना आत आणून टोपी चढवली.

शैलाबाईंनी उजव्या बाणाची कळ एकदाच दाबली.

भिंतीवरचा मजकूर सर्रकन उलटा पळाला. दोन लाख पानं मागं जाऊन पडदा थांबला, आणि पानाच्या मधोमध ती रेघ लुकलुकत होती. तिच्या थोडी वरची ओळ शैलाबाईंनी वाचली, "बाई नाही म्हणाल्या. वाईट वाटलं." त्यांचे कान तापले. इतक्या लोकांदेखत आपला नवरा काय काय लिहून बसलाय, ही त्यांना चिंता पडली. कुणी वाचायच्या आत इथून हलावं म्हणून त्यांनी घाईनं कंट्रोल धरून खालचा बाण दाबला. रेघ एक परिच्छेद उतरली.

"एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली," कणसे एकदम म्हणाले.

शेटेबाई उठून उभ्या राहिल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच कणसे रविवारात आले होते.

आणखी एक परिच्छेद. "तासगावला उतरलो. ऊन आहे."

आणखी एक. "उप्पीट दिलं. मीठ जास्त."

"जास्त नव्हतं!" शैलाबाई म्हणाल्या आणि ओठ दातात धरून पुढची कळ दाबली.

"थांबा," शेटेबाई म्हणाल्या. "परिच्छेदानं गेलो तर दिवाळी होईल."

"पानापानानं गेलं तरी दोन-अडीच दिवस. गाडी दोनची आहे. एकदम शेवटी न्यावं लागेल. कंट्रोल आणि एंड." शैलाबाईंनी डाव्या हाताचं बोट कंट्रोलवर ठेवलं. "यांच्या मेंदूला झेपेल का?"

शेटेबाईंनी कणसे यांची नाडी पाहिली. "सदतीस वर्षं त्यांना एकदा झेपलीत. झेपेल."

"एक ध्यानात ठेवा. शेजारच्या शिफ्टला कुणी हात लावायचा नाही. शिफ्ट दाबून गेलं तर कर्सर नुसता जात नाही, मधला सगळा मजकूर निवडून धरतो. मग चुकून एक अक्षर दाबलं, की सगळं जाऊन तिथं ते एक अक्षर राहतं."

"पण परत आणायची सोय असेलच ना?" उगल्यांनी विचारलं.

"कागदाला असते. माणसाच्या डोक्याला आहे का, ते तुम्ही सांगा."

"नाही," शेटेबाई म्हणाल्या.

उगल्यांना आता त्या कळफलकाचं भलतंच कुतूहल वाटू लागलं होतं. नीट दिसावं म्हणून ते टेबलावर हात टेकून वाकले. शैलाबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि एंड दाबलं. उगल्यांचा तळवा नेमका शिफ्टवर होता.

पडदा निळा झाला. पानंच्या पानं निळी होत खालपर्यंत गेली. लग्न, मुलीचा जन्म, खानापूरची बदली, सासऱ्यांचं आजारपण, मुलीचं लग्न, सगळं निळ्याखाली. खुर्चीत कणसे तोंड अर्धवट उघडं ठेवून ताठ झाले. डोळे उघडे, पापणी हलत नव्हती.

"अगं बाई!" शैलाबाई किंचाळल्या. "हलू नका! डॉक्टर, हात उचला. सरळ वर उचला, घासून नको!"

उगल्यांनी हात उचलला. तो पुन्हा खाली येऊ नये म्हणून अभियंत्यांपैकी एकानं तो हवेतच पकडून धरला. शैलाबाईंच्या बोटांखाली चाळीसच्या वर अक्षरांच्या कळा होत्या आणि त्यातली कुठलीही एक त्यांचा संसार पुसायला पुरेशी होती. त्यांनी दोन्ही हात मांडीवर नेले, पदराला पुसले. मग फक्त उजव्या हाताची करंगळी पुढे केली आणि उजव्या बाणावर टेकवली.

निळा रंग गेला. रेघ निवडलेल्या मजकुराच्या टोकाला, म्हणजे साडेतीन लाख पानांच्या अगदी शेवटी, 'झाकण सैल आहे'च्या पुढे उभी राहिली आणि लुकलुकू लागली.

कणसे यांनी तोंड मिटलं. इकडेतिकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं.

"शैला, टाकीचं झाकण लावलं का?"

शैलाबाईंनी नुसती मान हलवली.

"मग रडतेस कशाला? लावलं ना?" कणसे म्हणाले. तेवढ्यात त्यांची नजर उगल्यांवर गेली आणि चेहरा फुलला. "अरे, डॉक्टर! ओळखलंत का? किती वर्षांनी! आणि शेटेबाई पण आहेत की! सदतीस वर्षं झाली हो, पण तुमचा दोघांचा एक केस पिकलेला नाही. काय खाता काय तुम्ही?"

उगले हसत पुढे आले होते, ते अर्ध्यावर थांबले. शेटेबाईंनी सावकाश पडद्याकडे मान वळवली.

"शैलाताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका हे चार महिने जे जगले... ते शेवटी लिहिलं गेलेलंच नाही. शेवटची ओळ अजून टाकीचीच आहे."

शैलाबाईंनी डोळे मिटून घेतले. "पाटोळे," त्या पुटपुटल्या. "कर्सर पंचनाम्यात होता. सगळं तिथंच टंकलं गेलं."

अगदी तसंच झालं होतं. चार महिने कणसे यांचा बिंदू २००४ मध्ये उभा होता, म्हणून चार महिने त्यांनी जे पाहिलं, खाल्लं, म्हटलं, ते सगळं त्या शनिवारच्या खाली आणि तासगावच्या रविवारच्या वर जाऊन बसलं होतं. आता त्यांच्या लेखी ते लग्नाआधीच घडलेलं होतं.

"दुरुस्त करता येईल," उगले कुजबुजले. एका तासात ते बरंच शिकले होते. "तेवढा मजकूर कापायचा आणि शेवटी नेऊन चिकटवायचा."

"तुम्ही त्या टेबलापासून चार हात लांब उभे राहा," शैलाबाई म्हणाल्या.

कणसे यांनी टोपी काढून बाजूला ठेवली होती. ते गप्प होते. या गप्पपणाची शैलाबाईंना सदतीस वर्षांची सवय होती, पण आज त्यात काहीतरी वेगळं होतं. एकाएकी ते म्हणाले, "शैला, बस जरा. तुला एक कधी सांगितलं नाही. पडल्यावर माणसाला वाटतं, सांगून टाकावं."

"सांगा."

"तुला बघायला आलो, त्याच्या आधी एक बाई होत्या. मी इथं मिरजेला दवाखान्यात होतो, तिथं मला डबा आणायच्या. आता तो मेळ माझाही नीट बसत नाही. शनिवारी खोलीवर होतो आणि रविवारी तासगावला आलो, मध्ये चार महिने कसे मावले कुणास ठाऊक. पण होत्या. वयानं खूप मोठ्या. मी त्यांना लग्नाचं विचारलं."

"मग?"

"त्या म्हणाल्या, माझं लग्न झालंय. मग मी तासगावला आलो." कणसे यांनी घसा साफ केला. "तू उप्पीट घेऊन बाहेर आलीस. मी बघितलं आणि वाटलं, ही मुलगी म्हातारी झाली की हुबेहूब त्या बाईंसारखी दिसेल. म्हणून होकार दिला. आता बघ, दिसतेसच."

एक अभियंता उगाचच वायर गुंडाळू लागला.

"आणि तुझ्या भाजीला मी कधी चांगलं म्हटलं नाही," कणसे म्हणाले. "ते पण त्यांच्यामुळे असणार. तोंडात घास घेतला, की त्यांच्या हातची चव आठवते. तुझा दोष नाही त्यात. पण माझ्याकडून अन्याय झाला खरा."

शैलाबाईंना मनापासून राग आला. सदतीस वर्षं एक बाई आपल्या स्वयंपाकाला सरस ठरत आली, ही काय साधी गोष्ट आहे? मग ती बाई कोण ते आठवलं, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना. काल आपण 'हो' म्हटलं असतं तर, हाही विचार मनात येऊन गेला. तर हा माणूस एकीला शब्द देऊन दुसरीला बघायला गेलेला ठरला असता आणि आज तोंड वर करून बोलू शकला नसता.

उगले चार हात लांबूनच म्हणाले, "वहिनी, कापून चिकटवलं तर त्यांना कळेल, की ती बाई म्हणजे तुम्हीच. पाच मिनिटांचं काम आहे."

शैलाबाईंनी कळफलकाकडे पाहिलं. मग यंत्रातून त्याची वायर उपटली.

"काही हलवायचं नाही," त्या म्हणाल्या. "आयुष्यात एकदा तरी हे कुणावर तरी भाळले. ते जिथं लिहिलंय तिथंच राहू दे."

कणसे यांना यातलं काही समजलं नाही, पण बायको ओरडली नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा धीर जरा वाढला.

"त्या बाई अजून असतील का गं?" त्यांनी विचारलं. "तेव्हाच साठीच्या होत्या. म्हणजे आता सत्त्याण्णव धर."

"आहेत," शैलाबाई म्हणाल्या. "ठणठणीत आहेत."

"तुला काय माहीत?"

"माहीत आहे मला. भेटायचंय का त्यांना?"

कणसे यांनी खुर्चीतच बसून विचार केला. एखाद्या वादातल्या बांधाची मोजणी करावी तसा, दोन्ही बाजूंनी, बराच वेळ केला. मग ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि बायकोच्या हातातला कळफलक स्वतःकडे घेतला.

"नको," ते म्हणाले. "तुला वाईट वाटेल. चल घरी."